वाचकांचे प्रश्न : तालुक्याच्या गावातली अंगणवाडी

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत या सदराकडे येणारी बरीच पत्रं नगरपरिषद असलेल्या लहान गावांतून येतात. मूल तीन वर्षांचं झालं, पुढे काय, असा त्यांचा सूर असतो. त्यांतले काही प्रश्न निवडून उत्तरं देत आहोत. विचारणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये तीन वर्षांची होईल. आम्ही गेल्या वर्षी कामासाठी या गावात भाड्याने राहायला आलो. अंगणवाडीत नाव घालायला रहिवासी दाखला आणि मुलीचं आधार कार्ड लागतं असं शेजारी सांगतात. दोन्ही नाहीत. काय करावं?

उत्तर : दोन्ही लागत नाहीत. नाव घालण्यासाठी ऑगस्टची वाटही पाहू नका. अंगणवाडीत जूनचा प्रवेश नसतो, वर्षातल्या कोणत्याही दिवशी नोंद होते. खरं तर ही नोंद आईच्या गरोदरपणापासून सुरू होते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार (टीएचआर) मिळतो आणि दर महिन्याला वजन-उंची घेतली जाते. तीन वर्षं पूर्ण झाली की मूल केंद्रात बसायला लागतं.

सोबत मुलीचा जन्मदाखला न्या. तो नसेल तर माता व बाल संरक्षण कार्ड चालतं, ज्यावर लसी लिहिलेल्या असतात ते. आईचं आधार आणि चालू मोबाइल नंबर हवा. मुलाचं आधार सक्तीचं नाही, आईच्या आधारवर काम होतं, हे केंद्र सरकारनं स्पष्ट केलेलं आहे. रेशन कार्ड, जातीचा दाखला, घरभाड्याचा करार यांपैकी कशाचीही अट नाही. फी नाही.

नोंद अडते ती वेगळ्याच ठिकाणी. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असतं आणि बाळाचं नाव माहेरच्या अंगणवाडीत, ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर चढलेलं असतं. मग इथल्या सेविकेनं नाव घालायला घेतलं की ते आधीच आहे असं दिसतं. अशा वेळी नवीन नोंदीचा हट्ट धरू नका, जुनी नोंद इकडे वर्ग करून घ्या. त्यासाठी माहेरच्या अंगणवाडीचं नाव, गाव आणि तेव्हा दिलेला मोबाइल नंबर सेविकेला सांगा. तो नंबर बंद पडला असेल तर माहेरच्या सेविकेला फोन करून आधी तो बदलून घ्यावा लागेल. दुसरी अडचण ओटीपीची. बाहेरगावी कामाला असलेल्या वडिलांचा नंबर दिला तर भर दुपारी ओटीपी विचारायला माणूस हाताशी नसतो. दिवसा घरी असणाऱ्या माणसाचा नंबर द्या. तिसरी अडचण १ जुलै २०२५ पासूनची. टीएचआर घेताना चेहरा जुळवून पाहतात. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर चेहरा जुळत नाही. आईनं आधार केंद्रावर जाऊन फोटो एकदा नवा करून घ्यावा.

तुमच्या भागाची अंगणवाडी कोणती हे आशाताई किंवा लसीकरणाच्या दिवशी येणारी सेविका सांगेल. साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येला एक, असं प्रमाण आहे, त्यामुळे प्रत्येक केंद्राच्या गल्ल्या ठरलेल्या असतात. कोणी दाद देत नसेल तर पोषण हेल्पलाइनचा क्रमांक १४४०८ आहे.

प्रश्न : आमच्या गावात दोन खाजगी नर्सरी निघाल्या आहेत. तिथली चार वर्षांची मुलं एबीसीडी लिहितात, शंभरपर्यंत आकडे म्हणतात. अंगणवाडीत नुसती गाणी आणि खेळ. मुलगा मागे पडेल का? अंगणवाडी चांगली की नाही हे आम्ही कसं ओळखायचं?

उत्तर : चार वर्षांच्या मुलानं अक्षरं लिहिणं ही प्रगती नव्हे, घाई आहे. या वयात मनगटाची हाडं आणि बोटांचे स्नायू पुरते तयार झालेले नसतात. पेन्सिल धरायला लावली की मूल ती मुठीत आवळतं, खांद्यापासून हात ओढतं आणि तीच पकड पुढे पक्की होते. पहिलीत शिक्षक ती सोडवू पाहतात तेव्हा फार त्रास होतो. लिहिण्याची खरी तयारी कणीक मळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, चिमटीनं शेंगदाणे निवडणं, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं, पाटीवर मोठे गोल काढणं यांतून होते. पालकांना हे नुसते खेळ वाटतात, पण बोटांत बळ येतं ते यांतूनच.

आकड्यांचंही तसंच. शंभरपर्यंत म्हणणाऱ्या मुलासमोर सात चिंचोके ठेवा आणि ‘किती आहेत?’ विचारा. पुष्कळ मुलं एकाच चिंचोक्यावर दोनदा बोट ठेवतात किंवा एखादा सोडून जातात. एका वस्तूला एकच आकडा आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, हे उमगणं म्हणजे गणित. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा भर याच गोष्टींवर आहे. महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांचा ‘आकार’ आणि केंद्र सरकारचा ‘आधारशिला’ हे अभ्यासक्रमही खेळातून शिकण्यावरच उभे आहेत. तुमच्या अंगणवाडीत गाणी आणि खेळ चालत असतील तर काम योग्य दिशेनं आहे. मात्र ती गाणी-खेळ रोज तीच ती आहेत की त्यांना काही क्रम आहे, हे पाहायला हवं.

त्यासाठी सेविकेला विचारून एखाद्या सकाळी तासभर कोपऱ्यात बसा. खाजगी नर्सरीतही हेच करा, कसोटी दोन्हीकडे एकच.

बोलतं कोण ते आधी ऐका. बाई बोलतात आणि मुलं एका सुरात मागून म्हणतात, एवढंच चाललं असेल तर ते कमी. ‘काल पाऊस आला तेव्हा तू कुठे होतास?’ असं एकेका मुलाला विचारलं जातं का, त्याचं तोडकंमोडकं उत्तर शेवटपर्यंत ऐकलं जातं का, हे आम्ही गुणवत्तेचं सगळ्यात मोठं लक्षण मानतो. मूल घरी वऱ्हाडी, अहिराणी किंवा पारधी बोलत असेल आणि बाई त्याला त्या भाषेत बोलू देत असतील तर ती अंगणवाडी फारच चांगली समजा.

मग साहित्य पाहा. ठोकळे, चित्रं, बाहुल्या मुलांच्या हाताला लागतील अशा आहेत की कपाटात कुलपाखाली? नवं राहावं म्हणून जपून ठेवलेलं साहित्य पुष्कळ केंद्रांत दिसतं. तपासणीत साहित्य कमी भरलं तर आपल्याला विचारतील, या धास्तीनं सेविका ते बाहेर काढत नाही. पालकांनीच ‘मोडलं तर आम्ही सोबत सही करू’ असं सांगितलं की कुलूप उघडतं.

शिवाय साहित्य विकतचंच लागतं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि १९५७नंतर कोसबाडच्या टेकडीवर पानं, बिया, माती, शंख-शिंपले यांवर बालशिक्षण उभं केलं. ते आजही तितकंच उपयोगी आहे. फक्त एक काळजी घ्या. गुंजा आणि एरंडाच्या बिया विषारी असतात, त्या मोजायच्या साहित्यात कधीही ठेवू नका. चिंचोके, मणी यांसारख्या घशात अडकतील अशा वस्तू मोठी माणसं समोर बसलेली असतानाच द्याव्यात, आणि तीन वर्षांच्या आतली भावंडं केंद्रात येत असतील तर काम झाल्यावर त्या मोजून डब्यात ठेवाव्यात.

घड्याळही पाहा. २०१३च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणानुसार दिवसाचा कार्यक्रम तीन ते चार तासांचा असावा आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस असावं. चांगल्या केंद्रात वेळ साधारण अशी जाते : आल्यावर अर्धा तास हात धुणं आणि गप्पा; पाऊण तास मुलांनी स्वतः निवडलेला खेळ; वीस मिनिटं लहान गटात एखादी कृती, त्याहून जास्त नाही, कारण या वयाचं लक्ष तेवढंच टिकतं; अर्धा तास अंगणात पळापळ; गोष्ट आणि गाणी; मग जेवण. दीड तासात खिचडी वाटून मुलं घरी जात असतील तर त्याला शिक्षण म्हणता येणार नाही, आणि तसं स्पष्ट बोलायला हरकत नाही.

इंग्रजीची ओढ आम्ही समजू शकतो. चार इंग्रजी गाणी अंगणवाडीतही म्हणता येतात, त्याला कुणाचा विरोध नाही. पण ज्या भाषेत मूल विचार करतं तिच्यातले शब्द वाढले की दुसरी भाषा पुढे सोपी जाते. सहा वर्षांपर्यंत तुमच्या मुलाला ऐकलेली गोष्ट क्रमानं सांगता यावी, ‘कमळ’चा पहिला आवाज ओळखता यावा, शब्दाचे तुकडे टाळ्या वाजवून पाडता यावेत, दहा वस्तू बोट लावून मोजता याव्यात, रंग आणि आकार दोन्ही पाहून ढीग वेगळे करता यावेत, सदऱ्याची बटणं लावता यावीत आणि आपली पाळी येईपर्यंत थांबता यावं. हे येत असेल तर पहिलीत तो मागे पडणार नाही.

प्रश्न : मी सेविका आहे. पटावर ३८ मुलं, प्रत्यक्ष येतात १४-१५. साडेचार वर्षांची झाली की पालक केजीत घालतात. वरून पटसंख्येबद्दल विचारणा होते. उपस्थिती कशी वाढवावी?

उत्तर : ताई, आधी पटाची तीन भागांत फोड करा : रोज येणारी, अधूनमधून येणारी आणि खाजगी नर्सरीत जाणारी. तिसऱ्या गटाची हजेरी लावू नका. हजेरीवर शिधा निघतो, तपासणीत शिधा आणि ताटं जुळली नाहीत की जबाबदारी तुमच्यावर येते. ही मुलं नर्सरीत जातात अशी खरी नोंद ठेवा आणि त्यांचं वजन, लसीकरण मात्र चालू ठेवा. त्यामुळे त्यांच्या आयांचा केंद्राशी संबंध राहतो. वर्षाची फी झेपली नाही की मूल परत तुमच्याकडेच येतं.

खरा फरक मधल्या गटात पडतो. त्यांच्या घरी जाऊन प्रत्येकाचं कारण एका वहीत लिहा. लहान गावात कारणं बहुतेक ठरलेली निघतात. आई सकाळी आठला मजुरीला किंवा धुण्याभांड्याला जाते आणि केंद्र दहाला उघडतं. थोरल्या भावाची शाळा दुपारची, मग धाकट्याला सोडायला कोणी नाही. मध्ये एसटीचा रस्ता ओलांडावा लागतो. किंवा दोनदा मूल घेऊन आल्या आणि बैठकीमुळे केंद्र बंद होतं. या शेवटच्या कारणाचं नुकसान सगळ्यात जास्त होतं. बैठकीच्या दिवशी मदतनीस ताईंनी केंद्र उघडायचं आणि गाणी, चित्रं, जेवण एवढा कार्यक्रम घ्यायचा, असं पर्यवेक्षिकेकडून लेखी ठरवून घ्या. केंद्र ठरल्या वेळी रोज उघडतं हे महिनाभर दिसलं की हजेरी हलायला लागते. वेळेच्या अडचणीवर एकाच गल्लीतल्या चार-पाच मुलांना एका आजीनं आणायचं, अशी जोडणी करता येते. तेवढं आज्या आनंदानं करतात.

साडेचार वर्षांच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. तीन वर्षांच्या मुलांसोबत तेच ते करून ती कंटाळतात आणि घरी सांगतात, ‘काहीच शिकवत नाहीत.’ त्यांना रोज अर्धा तास वेगळं काम द्या. पाच-सहा जणांचा गट, चित्रावरून गोष्ट रचणं, नावांच्या पट्ट्या ओळखणं, सोंगट्यांनी बेरीज, कात्रीनं रेषेवर कापणं. तेव्हा लहान मुलं मदतनीस ताईंसोबत वाळूत किंवा पाण्यात खेळू शकतात. प्रत्येक मोठ्या मुलाची एक फाइल करा, तिच्यात दर आठवड्याचं एक चित्र किंवा काम तारीख घालून ठेवा. महिन्याच्या पालकसभेत जूनचं आणि सप्टेंबरचं चित्र शेजारी शेजारी ठेवून दाखवा. केवळ भाषणानं पालकांचं मन वळत नाही, मुलाच्या हातचं काम दिसलं की वळतं.

एप्रिलमध्ये सर्वेक्षण करताना पुढच्या बारा महिन्यांत तीन वर्षं पूर्ण करणाऱ्या सगळ्या मुलांची जन्मतारखेसह यादी करा आणि ज्या महिन्यात वाढदिवस त्या महिन्यात घरी जा. आणखी एक उपाय, जो फार थोडी केंद्रं करतात : जवळच्या प्राथमिक शाळेतल्या पहिलीच्या शिक्षकांना फेब्रुवारीत केंद्रात बोलवा. ‘ही मुलं आमच्याकडे आली की सोपं जातं’ हे पालकांनी शिक्षकांच्या तोंडून ऐकलं पाहिजे. शाळांमध्ये २०२२पासून होणाऱ्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यात आपली मुलं स्वतः घेऊन जा. तिथे शारीरिक, बौद्धिक, भाषा, गणनपूर्व अशा टेबलांवर मुलं जे करतात त्याच्या नोंदी होतात, त्या पालकांना समजावून सांगा.

प्रश्न : आमची अंगणवाडी एका भाड्याच्या खोलीत भरते. शौचालय नाही, पाणी शेजाऱ्यांकडून. नगरपरिषदेत गेलो तर ‘अंगणवाडी आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळालं. मग कोणाकडे जायचं?

उत्तर : नगरपरिषदेचं म्हणणं अर्धं खरं आहे. खेड्यांतल्या अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागामार्फत चालतात. शहरातल्या अंगणवाड्या नागरी बालविकास प्रकल्पाच्या असतात आणि तो प्रकल्प नवी मुंबईतल्या एकात्मिक बालविकास सेवा आयुक्तालयाखाली येतो. म्हणून अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावानं करायचा आणि प्रत पर्यवेक्षिकेला द्यायची.

पण जागा आणि पैसा यांत नगरपरिषदेला हात झटकता येत नाहीत. महिला व बालकल्याणासाठी उत्पन्नाचा ५ टक्के निधी तिनं राखून ठेवायचा असतो, आणि त्यासाठी विषय समितीही असते. या निधीतून केंद्राची दुरुस्ती आणि साहित्य करा, अशी मागणी समितीच्या सभापतींकडे अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत द्या. मार्चनंतर दिलेला अर्ज वर्षभर पडून राहतो.

जागेवरचा सर्वांत जलद उपाय म्हणजे नगरपरिषद शाळेतली रिकामी वर्गखोली. पट घटलेल्या शाळांत अशा खोल्या पडून आहेत. खोली तळमजल्यावर हवी, तिला स्वतंत्र दार हवं आणि शौचालयाचं भांडं लहान मुलांना बसता येईल असं हवं. मोठ्यांच्या भांड्यावर तीन वर्षांचं मूल घाबरतं, म्हणून ते शाळेत पाणीच पीत नाही आणि आजारी पडतं. अंगणवाडीची इमारत किमान ६०० चौरस फुटांची असावी, तिच्यात बसायची खोली, स्वयंपाकघर, कोठार, मुलांचं शौचालय आणि खेळायला जागा असावी, असा केंद्र सरकारचा निकष आहे. शौचालयासाठी ३६,००० आणि पिण्याच्या पाण्यासाठी १७,००० रुपये असे दर केंद्र सरकारच्या ‘मिशन पोषण २.०’ या योजनेत ठरलेले आहेत. हे आकडे अर्जात लिहा, कारण ‘निधी नाही’ हे मोघम उत्तर त्यामुळे देता येत नाही.

अर्जासोबत खोलीचं माप, मुलांची संख्या, तीन-चार फोटो आणि किमान वीस पालकांच्या सह्या जोडा. पोच घ्या. तोपर्यंत झाकणाचं, तोटी असलेलं वीस लिटरचं पिंप आणि दोन प्लॅस्टिकची बालशौच भांडी एवढं तरी वर्गणीतून आणता येईल.

तुमच्या वस्तीत अंगणवाडीच नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६चा आदेश माहीत असू द्या. सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या झोपडपट्टीनं मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. चाळीस मुलांची नावं, जन्मतारखा आणि पालकांच्या सह्यांची यादी हाच अर्ज.

प्रश्न : खिचडी पातळ असते आणि मुलगी घरी येऊन पुन्हा जेवते. नेमकं किती मिळायला हवं?

उत्तर : २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी घालून दिलेलं मूळ प्रमाण रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं होतं, सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळून. वर्षातले किमान ३०० दिवस ते मिळावं. तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी. २०१७ साली खर्चाचा दर मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरला, आणि तेवढ्यात हे बसवणं बचत गटांना जड जातं हेही खरं.

ताटात ते कसं दिसतं? एका मुलाला ६० ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम डाळ, एक चमचा तेल (५ मिली) आणि भाजी. नाश्त्याला २० ग्रॅम शेंगदाणे आणि १० ग्रॅम गूळ यांचा लाडू. एवढ्यात ५०० कॅलरींच्या जवळ पोचता येतं आणि प्रथिनं १५ ग्रॅमच्या आसपास भरतात. वीस मुलांना म्हणजे १ किलो २०० ग्रॅम तांदूळ, अर्धा किलो डाळ, १०० मिली तेल. शेंगदाणे कुटूनच द्यावेत, अख्खे दाणे लहान मुलांच्या घशात अडकतात. खिचडी पातळ झाली की काट आधी डाळीवर आणि तेलावर बसलेली असते. म्हणून नुसतं ‘पातळ आहे’ न म्हणता आज डाळ किती घातली ते विचारा. आठवड्यातून एकदा दोन आयांनी पाळीनं शिजवण्याआधी शिधा मोजताना उभं राहायचं, एवढ्यानं बराच फरक पडतो. जेवण सलग बंद राहिलं तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. ही व्यवस्था त्याच कायद्यात आहे आणि अन्न न दिल्यास अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूदही त्यातच आहे.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे, दोन-तीन शब्दच बोलतो. त्याला अंगणवाडीत घेतील का?

उत्तर : घ्यायलाच हवं. दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर झाला आहे, तो सेविकेनं मुलाला कसं ओळखावं आणि सामावून घ्यावं यासाठीच आहे. पण नाव घालून थांबू नका. पहिल्यांदा कानांची तपासणी करा, ऐकू कमी येणं हे उशिरा बोलण्याचं नेहमीचं कारण असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच पालघरहून देशभर सुरू झाला. पथकाच्या भेटीची तारीख सेविकेकडून घ्या. ती महिन्याहून लांब असेल तर थेट जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. चार वर्षांनंतर प्रत्येक महिना मोलाचा आहे.

प्रश्न : अंगणवाडीतून पहिलीत जाताना दाखला लागतो का? वय किती हवं?

उत्तर : दाखला लागत नाही, जन्मदाखला पुरतो. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर जूनमध्ये पहिलीत घेता येतं. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल साडेपाचाव्या वर्षीच पहिलीत बसू शकतं. नियमानं चालत असलं तरी ऑक्टोबर ते डिसेंबरात जन्मलेल्या मुलांना आणखी एक वर्ष अंगणवाडीत काढू द्यावं, असं आमचं मत आहे. सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत त्याचा तिथला हक्क कायम असतो. वाढदिवसानंतर जूनपर्यंतचे जे महिने उरतात, त्यांत त्याला केंद्रात बसू द्यावं हे सेविकेशी आधी बोलून ठेवा.